गब्बूच्या डब्याची किल्ली

गब्बू उठेना, तेव्हा कृष्णरावांनी आधी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. गुरुवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. पस्तीस वर्षं प्लांटमध्ये काढलेल्या माणसाची ती खोड होती. बिघाड दिसला की पहिल्यांदा वेळ.

पिवळसर लॅब्रॅडॉर कूलरपुढे आडवा पडला होता. पोट ढोलासारखं ताणलेलं. मान पुढे काढून तो उलटीसाठी जोर करी, पण तोंडाला नुसता फेस येई.

देवराव त्याला रविवारी जुनवानीच्या या घरी सोडून गेला होता. देवराव कृष्णरावांचा शिफ्टमधला जुना जोडीदार. आता पुण्याला मुलीच्या फ्लॅटवर कायमचा चालला होता, आणि तिथं कुत्रा चालणार नव्हता.

"आठ दिवस ठेवून पाह्य," तो म्हणाला होता. "केस गळतात, ऊन सोसत नाही, दोन टाइम फिरवा लागते. अन याचं पोट कधी भरत नाही. सकाळी एक माप, संध्याकाळी एक, बस. पुढच्या रविवारी सांगजो. नाही जमलं तं कुरुदचा एक जण गोदामावर न्यायले तयार आहे. तिथं दिवसभर साखळीले राहील."

"भूषणच्या बदलत्या शिफ्टा, माझी शाळा," सून रश्मी तेव्हाच बोलली होती. "याच्याकडे पाहणार कोण, बाबा?"

"मी पाहीन ना."

रिटायर झाल्यापासून कृष्णरावांची कुणी फाटकाशी वाट पाहत बसलं नव्हतं. गब्बू पहिल्याच संध्याकाळी बसला.

त्यांचा मुलगा भूषण याची सेकंड शिफ्ट दोनला होती. तो हेल्मेट घेऊन निघालाच होता. ते खुर्चीवर टाकून त्याने गाडी काढली. रश्मी सकाळची शाळा शिकवून नुकतीच परतली होती. तिघांनी मिळून कुत्र्याला मागच्या सीटवर घातलं. भूषणने गाडी पद्मनाभपुरच्या जनावरांच्या दवाखान्याकडे घेतली. गब्बूचं डोकं कृष्णरावांच्या मांडीवर होतं आणि त्याचा श्वास ते मनातल्या मनात मोजत होते.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर बोटं वाजवली. "सुबह से क्या-क्या खाया है?"

"एक माप. सहा बजे," कृष्णराव म्हणाले.

"बस?"

रश्मी भिंतीकडे पाहू लागली. भूषण मोबाइलकडे.

"देखिए, पेट ठसाठस भरा है या पलट गया है, एक्स-रे से देखूँगी. पलटा है तो अभी चीरना पड़ेगा, और बचेगा कि नहीं, कह नहीं सकती. मुझे पूरी बात चाहिए."

कृष्णरावांना शिफ्टचं रजिस्टर आठवलं. घरी जाताना जे झालं ते त्यात लिहायचं. लपवलं तर पुढच्या शिफ्टच्या माणसाचा मशीनमध्ये हात जायचा. नव्या पोरांना हे तेच शिकवायचे.

"अकरा बजे सहा पोळ्या और रात का भात," ते म्हणाले. "मैंने दिया. छुपा के."

"मी बी देल्लं," रश्मी हळूच म्हणाली. "शाळेत निघताना. भांडं तोंडात धरून आला. मले वाटलं, तुमी फिरायच्या घाईत विसरले."

"दहाले उठलो तं माझ्यासमोर बी भांडं घेऊनच उभा," भूषण म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी तिघांकडे पाहिलं. "तीनों को बराबर उल्लू बनाया है." मग त्या गब्बूला आत घेऊन गेल्या.

पंचवीस मिनिटं लागली. भूषणने फोनवर सुट्टी सांगितली. रश्मीने बाटलीतलं पाणी सासऱ्यांपुढे धरलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली.

जठर पलटलं नव्हतं. ठासून भरलं होतं. सहा वाजेपर्यंत त्याला तिथंच ठेवलं, आणि मग तो ओशाळल्यासारखा, मान खाली घालून गाडीत चढला.

रविवारी संध्याकाळी देवराव हातात पट्टा घेऊन आला. तो बसायच्या आधीच कृष्णरावांनी गुरुवारची सगळी हकीकत सांगितली, स्वतःच्या पोळ्यांसकट.

देवरावने खिशातून फोन काढला. "मंग? कुरुदले फोन करू?"

कृष्णरावांनी खाद्याचा पत्र्याचा डबा पुढे ओढला. त्याला आता कडी होती, कडीत कुलूप. "दुरुस्तीले मशीन बंद करून कुलूप लावलं का किल्ली एकाच्याच खिशात. आठवते ना?"

"आठवते. तुह्या खिशात का?"

कृष्णरावांनी किल्ली रश्मीपुढे धरली.

"मले कावून?" ती म्हणाली. "मी तं कुत्राच नको म्हणत होती."

"त्याले नाही म्हणणं मले जमत नाही. तुले जमते."

तिने किल्ली लगेच घेतली नाही. "पोळ्यांचा डबा बी माझ्याच ताब्यात राहील."

"राहू दे."

"अन तुमी मागाल तं?"

"मले बी दोनच टाइम देजो," कृष्णराव म्हणाले. भूषण हसला. देवराव हसला नाही.

सात वाजता रश्मीने कुलूप काढलं, माप भरलं, वरचं तळहाताने सपाट केलं. गब्बूने ते मिनिटभरात संपवलं, भांडं तोंडात धरलं आणि सरळ कृष्णरावांकडे आला. भांडं त्यांच्या गुडघ्याला लावून वर पाहू लागला.

कृष्णरावांनी दोन्ही हात बगलेत धरले आणि घड्याळाकडे पाहिलं. सात वाजून चार. सात वाजून सहा. देवराव त्यांच्या हातांकडे पाहत होता.

गब्बूने भांडं खाली ठेवलं. मग जाऊन रश्मीच्या पायाशी बसला, किल्ली असलेल्या बाजूला.

देवराव उठला. गब्बूला न्यावं लागलं तर म्हणून आणलेला पट्टा त्याने दाराजवळच्या खुंटीला अडकवला.