लाल पेन्सिलीची एक रेघ

ह्यांनी निवृत्तीनंतर पहिल्याच महिन्यात जुना ट्रेलर विकत घेतला, तेव्हा मी त्याच्या पायरीवर पाऊल ठेवायलाही तयार नव्हते. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचे ते घर. एक खोली, एक न्हाणी, दोन शेगड्यांचा ओटा आणि उलगडला की पलंग होणारे एक बाकडे. चार खोल्यांचा संसार मी चाळीस वर्षे शिस्तीत चालवला होता. तो सोडून त्या डब्यात राहायला जाणे मला मुळीच मान्य नव्हते. परंतु ह्यांची सारी नोकरी पाणीपुरवठा खात्यात, नळ जोडण्यात गेली होती. त्या डब्याच्या भिंतींआडच्या सगळ्या नळ्या त्यांनी स्वतःच्या हातांनी नव्याने टाकल्या आणि शेवटचा जोड बसवून बाहेर आले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते पाहून मी पायरी चढले. चढल्यावर पडदे कोणते लावायचे ते मात्र मीच ठरवले.

दर उन्हाळ्यात आम्ही तळ्याकाठच्या तळावर जात असू. तिथे प्रत्येक गाडीसाठी एक खांब असे आणि त्या खांबावर एक नळ. त्या नळाला थेट पाइप लावू पाहणाऱ्या माणसाकडे हे अशा नजरेने बघत, जशी मी उष्टा हात डब्यात घालणाऱ्याकडे बघते. तळावरच्या पाण्याचा काही भरवसा नसतो, हे ते प्रत्येकाला समजावून सांगत. सकाळी सगळे आंघोळीला बसले की पाण्याचा जोर ओसरतो. दुपारी लोक फिरायला गेले, नळ बंद झाले, की तोच जोर दुप्पट होतो आणि भिंतीआडच्या प्लास्टिकच्या नळ्यांवर येतो. म्हणून आधी खांबाच्या नळाला पाण्याचा जोर आवरणारा पितळेचा रेग्युलेटर बसवायचा, तळहातावर मावेल एवढा. त्याच्यापुढे दाब दाखवणारा काटा, आणि मग पाइप. काटा पंचेचाळीसच्या वर जाऊ द्यायचा नाही. दुसरा नियम असा, की घटकाभर जरी बाहेर जायचे झाले, तरी खांबाचा नळ बंद करायचा आणि आतली तोटी क्षणभर उघडून नळ्यांतला जोर उतरवायचा. त्यानंतरच दाराला कुलूप.

पंचेचाळीसला न्हाणीतली धार बारीक येई. माझे केस तेव्हाही दाट होते, आणि ते धुताना माझा संताप होई.

"अहो, ही धार आहे की सुतळी?" मी आतून ओरडे.

"बाईसाहेब, त्या नळ्या प्लास्टिकच्या आहेत," हे बाहेरून म्हणत. "आमच्यासारख्या नाहीत. त्यांच्यावर जोर चढवलात तर त्या ऐकून घेणार नाहीत."

शेजारच्या गाडीतली माणसे हसत. मी दार आपटे. पण रेग्युलेटरला मी कधी हात लावला नाही.

आमचा मुलगा एकुलता एक. नोकरी कचेरीतली, परंतु बापाची कला त्याला हवी होती आणि बापाला ती द्यायची होती. न्हाणीच्या तोंडापाशी दोघे तासन् तास पालथे पडलेले असत. मला फक्त चार तळवे दिसत.

"अरे, जोड आवळायचा आहे, कुणाचा गळा नाही," ह्यांचा आवाज येई. "हाताने बसेल तितकं बसव. मग पान्याने पाव वळसा. पुढे गेलास तर नट तडकेल, आणि तडकलेला नट लगेच गळत नाही. तू निर्धास्त झालास की गळतो."

जोड बसला की हे खिशातून लाल पेन्सिल काढत आणि नटावरून थेट नळीवर एक सरळ रेघ ओढत. नट तसूभर जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसे. मग हात लावून पाहायलाही नको. मुलगा स्वतः जोड बसवू लागला तेव्हा ह्यांनी त्याला दोन रेघा ओढायला सांगितले.

"दोन का, बाबा?"

"उद्या पाणी गळलं, तर तुझ्या आईला कुणाचे कान धरायचे ते कळायला नको?"

तेव्हापासून ह्यांची एक रेघ आणि मुलाच्या दोन. हे त्याला 'छोटे मिस्त्री' म्हणू लागले, आणि पस्तिशीचा तो घोडा त्या नावाने लाजायचा.

शेवटच्या वर्षी ह्यांचे हात थरथरू लागले. चहाचा कप बशीवर वाजे, आणि मी मुद्दाम दुसरीकडे बघे. थंडी सुरू होण्याच्या सुमारास एका दुपारी ते एकटेच अंगणातल्या ट्रेलरमध्ये गेले, न्हाणीच्या मागे दोन तास काहीतरी करत बसले, आणि बाहेर येऊन पायरीवर टेकले. "झालं," एवढेच म्हणाले. थंडी सरण्याच्या आत ते गेले.

उन्हाळा आला तेव्हा ट्रेलर काढायचा असे मीच फर्मावले. मुलगा आणि सूनबाई, दोघेही बिचकत होते.

"आई, एवढ्यात जायला हवंच का?" सूनबाईने विचारले.

"त्यांनी गाडी अंगणात गंजायला ठेवली नव्हती," मी म्हणाले. विषय तिथे संपला.

मुलाने आठवडाभर खपून प्रत्येक जोड तपासला. तळावर पोहोचल्यावर रेग्युलेटर बसवला, काटा बसवला, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "पंचेचाळीस." त्याचा आवाज हुबेहूब बापासारखा आला. मी सामान लावायच्या निमित्ताने आत निघून गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी केस धुवायला घेतले. तीच सुतळीसारखी धार. बाहेरून ऐकवायला मात्र कुणी नव्हते. मी ओल्या केसांवर पंचा गुंडाळला, तळ्याकाठच्या गारव्यासाठी स्वेटर चढवला आणि खांबापाशी गेले. मुलगा आणि सूनबाई काठावर कपडे वाळत घालत होती. मी नळ बंद केला, रेग्युलेटर फिरवून काढला, काटा थेट नळाला बसवला आणि नळ उघडला. काटा नव्वदच्या पुढे गेला. तो मी पाहिला. न पाहिल्याची सबब मला नाही. न्हाऊन झाले की परत बसवू, असे म्हणून रेग्युलेटर स्वेटरच्या खिशात टाकला.

भरपूर पाण्याने न्हाले. बाहेर आले तेव्हा मुलगा पायांत बूट चढवून उभा होता.

"आई, चल, बाबा जायचे त्या टेकाडापर्यंत जाऊन येऊ. खांबाचा नळ बंद केलास?"

"तुझ्या जन्माआधीपासून मी घर चालवते आहे. मला शिकवू नकोस. चल."

खिशातले पितळ मांडीवर आपटत होते. मला नळ आठवत होता. परंतु त्याच्या देखत मागे फिरणे माझ्याच्याने झाले नाही. अर्ध्या तासाने काय होते, असे मनाशी म्हणत मी चालत राहिले. अर्ध्या तासाचे दोन तास झाले.

परत आलो तेव्हा ट्रेलरच्या दाराखालून पाणी येत होते आणि पायरीवरून पडत होते.

"गाद्या उचल! आधी गाद्या!" मी मुलाला ओरडून सांगितले. "नळ मी बघते!"

तो आत धावला, सूनबाई त्याच्या मागे. मी खांबापाशी गेले, नळ बंद केला, आणि खिशातून रेग्युलेटर काढून पूर्वी होता तसा बसवला. बोटे जराही थरथरली नाहीत. त्याची मला आजही लाज वाटते.

मी आत आले तेव्हा तो न्हाणीच्या मागे पालथा पडला होता. उठला तेव्हा त्याची मूठ मिटलेली होती. भिंतीचे प्लायवूड फुगून पदर सुटले होते. कपाटाच्या दारावर ह्यांनी आतून प्रत्येक वर्षीचे काट्याचे आकडे लिहिले होते. सूनबाई ते दार उघडायला गेली तर दाराचा पदरच आकड्यांसकट तिच्या हातात आला.

"कुठला जोड?" मी विचारले.

"न्हाणीचा. नट तडकला."

"नळ उघडा राहिला असेल माझ्याकडून," मी म्हणाले, "पण पंचेचाळीसला जोड सुटतोच कसा? तुझ्या बापाच्या हातचा जोड कधी सुटला नाही."

तो दारातून खांबाकडे बघत राहिला, तिथे जागच्या जागी असलेल्या रेग्युलेटरकडे. मग म्हणाला, "माझ्या हातचा होता, आई. चूक माझी आहे."

माझी चूक उचलायला कुणी पुढे आला आणि मी ती उचलू दिली.

ट्रेलर दुरुस्त होण्यासारखा होता. जमिनीच्या चार फळ्या, एक भिंत. ह्यांनी महिन्याभरात उभा केला असता. परंतु मुलाने त्याला हात लावला नाही. गाड्या मोडून सुटे भाग काढणाऱ्या एका माणसाला बोलावले आणि ट्रेलर देऊन टाकला. जाताना त्या माणसाने काटा आणि रेग्युलेटर माझ्या हातात ठेवले. "हे कामाचं आहे, आजी," म्हणाला. मी ते कपाटात साड्यांखाली ठेवले.

त्यानंतर मुलाने पान्याला हात लावला नाही. बापाची पेटी माझ्याकडे आणून ठेवली. त्याच्या घरची तोटी गळली तरी बाहेरचा माणूस येई. "काय झालंय यांना, कळत नाही," सूनबाई मला म्हणाली. "तुम्ही बोला ना, आई. तुमचं ऐकतील." मी बोलले नाही.

वर्ष उलटून गेले. गेल्या आठवड्यात माझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली पाणी साठू लागले. मिस्त्री चार दिवसांनी येतो म्हणाला. मी मुलाला फोन केला.

"तू ये."

"आई, मी ते सोडलंय."

"तुझ्या आईच्या पायाखाली पाणी आहे आणि तू सोडलंय म्हणतोस?"

तो आला. ओट्याखाली पालथा शिरला. मी पेटी उघडून स्टुलावर बसले. तो हाताने नट फिरवत गेला, थांबेपर्यंत. मग पान्याने पाव वळसा, आणि तिथेच हात थांबला. ह्यांचाही असाच थांबत असे. या हाताने नट तडकणे शक्य नाही, हे मला त्या क्षणी कळले. खरे तर ते मला वर्षभर ठाऊक होते.

"आई, बारीक पाना दे."

"वॉशर हवं असेल ना? त्या गोल डबीत आहेत."

"वॉशर मी आणलंय. डबी नको उघडूस."

नको म्हटलेले मी कधी ऐकले आहे? मी डबी उघडली. वॉशरच्या ढिगात एक पांढरा प्लास्टिकचा नट होता, उभा तडकलेला. त्याच्यावर लाल पेन्सिलीची खूण होती. एक रेघ. आणि ती सरळ नव्हती. मधे दोन ठिकाणी थरथरली होती.

मी तो नट ओट्याखाली त्याच्यासमोर धरला.

"मी उन्हाळ्याआधी सगळे जोड पाहिले होते," तो खालूनच म्हणाला. "या एकावर बाबांची ही थरथरती रेघ होती. रेघ तुटली नव्हती. मला तो सोडून पुन्हा बसवावासा वाटला नाही. शेवटचं काम होतं ना त्यांचं." थोड्या वेळाने म्हणाला, "त्यांचा हात गेला होता, आई. पंचेचाळीसला सुद्धा टिकला नाही तो जोड. हे तुला कळायला नको होतं. मला ती गाडीच नजरेसमोर नको झाली."

मी उठले. कपाटातून रेग्युलेटर आणला आणि जमिनीवर त्याच्या हाताशी ठेवला. उभ्यानेच सांगितले; बसून सांगण्याचे धैर्य नव्हते. केस, धार, नव्वदच्या पुढे गेलेला काटा, स्वेटरचा खिसा, आणि त्याला गाद्यांकडे पाठवून मी खांबापाशी काय केले ते. एक शब्द गाळला नाही.

तो हळूहळू बाहेर आला. शर्टाची पाठ ओली होती. मला वाटले, तो ओरडेल. ओरडावे, असेही वाटले.

"नव्वदला?" त्याने विचारले.

"नव्वदच्या वर."

"आणि आपण दोन तासांनी आलो." तो हातातल्या नटाकडे बघत होता. "म्हणजे बाबांचा जोड चांगला होता."

"चांगला होता."

"मी वर्षभर मनाशी म्हणत होतो, की शेवटी त्यांना..." त्याने बाहीने तोंड पुसले, आणि बाहीचे पाणी तोंडाला लागले. "आई, तू त्याच दिवशी सांगितलं असतंस, तर मी फळ्या बदलल्या असत्या गं. चार तर फळ्या होत्या."

"मला माफ कर," मी म्हणाले. ह्यांनाही मी हे शब्द कधी म्हटले नव्हते. ते त्याला ऐकू गेले की नाही, मला ठाऊक नाही.

तो परत ओट्याखाली गेला आणि काम पुरे केले. पेटीतली लाल पेन्सिल मागितली. मी दिली. नळ उघडून पाहिला. थेंब आला नाही. मग हत्यारे एकेक पुसून पेटीत ठेवली. तडकलेला नट त्याने खिशात घातला.

"हा घेऊन जा," मी रेग्युलेटर पुढे केला. "तुझ्याकडे असू दे."

त्याने तो तळहातावर घेतला, वजन पाहावे तसा वरखाली केला, आणि माझ्या हातात परत ठेवला.

"आता कुठल्या नळाला लावू, आई?"

पेटी मात्र त्याने या वेळी सोबत नेली. तो गेल्यावर मी गुडघे टेकून ओट्याखाली वाकून पाहिले. नव्या नटावर दोन रेघा होत्या, सरळ. दुपारी मला दुकानापर्यंत जायचे होते. मी घराचा मुख्य नळ बंद केला, तोटी उघडून आतला जोर उतरू दिला, धार पूर्ण थांबेपर्यंत तिथे उभी राहिले, आणि मग दाराला कुलूप लावले.