पाळकीणबाईंचा राग

उपदेशाच्या वर्गात सरांचा एकच हट्ट होता: दृष्टांत घरचा हवा आणि ताजा हवा. पुस्तकातला शिळा दृष्टांत मंडळीच्या घशाखाली उतरत नाही म्हणे. त्यामुळे चर्चचे पाळक घडवणाऱ्या त्या सेमिनरीच्या क्वार्टर्समध्ये भिंतींना कान असण्याची गरजच उरली नव्हती. ते काम तिथे शिकणारे नवरे करत.

तिच्या नवऱ्याला देवाने हाक मारली ती ऐन पस्तिशीत. त्याने वीज कंपनीतली नोकरी सोडली आणि पाळक व्हायला इथे येऊन राहिला. तिला कोणी हाक मारली नाही, म्हणून ती शाळेची व्हॅन चालवत राहिली. दोन खोल्या, गॅलरीत कपड्यांच्या दोरीआड सासूबाईंची खुर्ची, आणि हिब्रूच्या व्याकरणावर वाळत घातलेले लेकीचे मोजे, असा संसार.

एका दुपारी मोठ्या बाई आल्या. मोठ्या बाई म्हणजे प्राचार्यांची पत्नी. सोबत शेजारच्या दोघी. तिघींच्याही तोंडावर आजाऱ्याच्या समाचाराला जाताना चढवतात तसलं हसू.

"आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतोय हं," मोठ्या बाईंनी तिचा हात हातात घेतला.

"कशासाठी?"

"तुमच्या रागासाठी."

"माझ्या? मी काय केलं?"

"लाजायचं नाही. आपण सगळ्या मातीचीच भांडी. तुम्ही गजराचं घड्याळ भिंतीवर फेकलंत, आणि भाऊंनी चकार शब्द न काढता एकेक तुकडा वेचला. 'देवही आपल्याला असाच वेचतो,' म्हणाले हो चॅपलमध्ये! सगळ्यांचे डोळे पाणावले."

घड्याळ फेकलं गेलं, हे खरं. पण ते फेकलं होतं भाऊंनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, सकाळच्या उपासनेला उठायचं जिवावर आलं म्हणून. आणि वेचलं होतं तिने, व्हॅनला उशीर होत असताना, वाकून वाकून, कपाटाखालची स्प्रिंगसुद्धा.

बोलता बोलता भाऊंच्या दृष्टांतांची पोतडीच उघडली. दुकानदाराशी हुज्जत घातली ती तिने. वरच्या मजल्यावरच्यांशी अबोला धरला तो तिने. लेकीच्या चित्रावर स्वतःच चहा सांडून वर लेकीलाच ओरडली, तीही तीच. आणि दर वेळी मेणाहून मऊ होऊन समजूत घालायला नवरा हजर. चूक त्याची, चर्चा तिची.

बायका गेल्यावर कपड्यांआडून सासूबाई म्हणाल्या, "जुनी खोड आहे त्याची. फोडी बाळ वाटी, मांजराला काठी! मांजर बिचारं मुकं, म्हणून निभावलं."

"मी मुकी नाही," ती म्हणाली.

तो आला, बूट काढले, आणि दोघींचे चेहरे बघून पुन्हा घालावेत की काय अशा विचारात पडला.

"अगं, दृष्टांत आहे तो, साक्ष नव्हे," ऐकून घेतल्यावर तो म्हणाला. "थोडा फेरफार चालतो त्यात. पाळकच आदळआपट करतो म्हटल्यावर मंडळी काय म्हणेल?"

"आणि पाळकीणबाईने केली तर चालते?"

"घराघरात असतंच ना ते. लोकांना आपलंसं वाटतं."

"वा! दुसऱ्यांची पापं अंगावर घ्यायचं काम एकाने एकदा केलं आणि ते कायमचं पुरलं, असं तुम्हीच शिकता ना? मग मला कशाला नव्याने क्रुसावर चढवताय?"

सासूबाईंना हसू दाबताना ठसका लागला.

शुक्रवारी त्याचा शेवटचा उपदेश होता. ज्या गावच्या मंडळीला पाळक हवा होता, तिची माणसं ऐकायला येणार होती.

"त्याच जागेवरून खरं सांगा," ती म्हणाली. "जिथे माझ्याआधी माझा राग जाऊन पोचलाय, तिथे मी पाय ठेवणार नाही. नाहीतर त्या मंडळीकडे एकटे जा, आणि दृष्टांताला एक मांजर पाळा."

शुक्रवारी पाहुणे पहिल्या बाकावर बसले. तो उभा राहिला, पाणी प्याला, पुन्हा प्याला. मग म्हणाला, "घड्याळ मी फोडलं होतं. दुकानातला तमाशाही माझाच. नाव मात्र मी बायकोचं घेत आलो." त्याचा आवाज चिरकला. खरोखरचा चिरकला, आरशासमोरच्या सरावात तो इतका वाईट कधी चिरकला नव्हता. मागच्या बाकावर सासूबाईंशेजारी बसलेल्या तिने घडी घातलेले हात सोडले.

उपासना संपली तशा मोठ्या बाई डोळे टिपत धावत आल्या. "भाग्यवान आहात हो! तुमची चूक भर चॅपलमध्ये स्वतःवर घेतली!"

"असाच पाळक हवा," पाहुण्यांतले सगळ्यात वडीलधारे आजोबा म्हणाले. "बायकोचं झाकणारा."

"नाही हो, खरंच मीच फोडलं," तो म्हणाला.

"बघा! अजूनही!"

"अहो, देवाशपथ..."

"शपथ कशाला? कळलं आम्हाला." सरांनी त्याची पाठ थोपटली. "दृष्टांत असावा तर असा!"

तो तिच्याकडे वळला. गटांगळ्या खाणारा काठावरच्याकडे बघतो तसा. "तू तरी सांग ना यांना!"

"मी काय सांगू? रागीट बाईचं कोण ऐकतं?"

मोठ्या बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "किती सोसाल, भाऊ?"

"मी फोडलं म्हणतोय ना!" तो ओरडला, आणि हातातलं गीतपुस्तक त्याने बाकावर असं काही आदळलं की त्याची पानं सुटून पाहुण्यांच्या पायांशी गेली. "कळत नाही का एकदा सांगून? बहिरे आहात सगळे?"

मोठ्या बाईंचा हात खांद्यावरून हळूच खाली आला. सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घालायची घाई केली नाही.

"आता पटलं?" मागच्या बाकावरून सासूबाई म्हणाल्या.

आजोबांना पटलं होतं. त्यांनी एकवार त्याच्याकडे पाहिलं, मग वळसा घालून तिच्यासमोर येऊन उभे राहिले. सूर एकदम अजिजीचा.

"बाई, तुम्ही सोबत येणार असाल, तरच आम्ही यांचा विचार करू."

"थोडं थांबा," ती म्हणाली. "आधी मी करते."