गळ्याच्या वर, गुडघ्याच्या खाली

“बायांची सभा म्हनं! आन् खुर्च्या समद्या बाप्यांनी धरल्यात,” सखूबाई रतनबाईच्या कानाशी पुटपुटली. “आमी आपल्या सतरंजीवर.”

भोरच्या सभागृहात त्या दिवशी महिला आरोग्य योजनांसाठी राज्याची सल्लागार समिती जन्माला येत होती, आणि सुईणपण सगळं पुरुषांकडं होतं. व्यासपीठावर बाई एकच, डॉक्टर शेफालीताई. त्यांच्याकडं समिती नेमायला आलेल्या साहेबांना पुष्पगुच्छ द्यायचं काम होतं.

वेल्ह्याकडच्या बायका टेम्पोत घालून आणल्या होत्या त्या रतनबाईच्या सासऱ्यांनी, चिमाजी सरपंचांनी. ग्रामीण महिलांच्या वतीनं समितीत कोण, तर त्यांनी आपलंच नाव सुचवलं होतं. “बायांचं आमाला काय ठावं न्हाई? घरात तीन हायत्या.”

रतनबाई टेम्पोत उभ्यानंच आली. तिला बसवत नव्हतं. धाकट्याचं बारसं उरकलं नि ती लावणीच्या चिखलात उतरली, तेव्हापासून तिची गर्भपिशवी खाली सरकून बाहेर यायची. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “आयेला सांग.” सासू म्हणाली, “बायांचं आसतंच तसं. चिंधी बांध.” मामंजींना विचारल्याशिवाय घरातली बाई एसटीत पाय ठेवत नव्हती, आणि मामंजींना दवाखान्याचं कारण काय सांगणार? आज बाईडॉक्टर येणार म्हणून तिनं देव पाण्यात घातले होते. ऑपरेशनची वाट दाखवली तर तीच दाखवील. पण पहिल्याच रांगेत मामंजी!

त्यांच्या खोऱ्याची एक रीत होती. थोरांसमोर बाईनं आजारी पडायचं ते गळ्याच्या वर, नाहीतर गुडघ्यापासून खाली. मधला मुलूख दुखला, तर त्याचा बोभाटा करायचा नाही.

“बोला, अगदी मोकळेपणानं बोला,” साहेबांनी माईक पुढं केला.

फुलाबाई उठल्या. पाळी जाऊन वर्षं झाली तरी त्यांच्या अंगावर जात होतं, हे सगळ्या आळीला माहीत. चिमाजींच्या टोपीकडं बघत त्या म्हणाल्या, “गुडगं दुखत्यात.”

सखूबाईची दोन बाळं पोटातच गेलेली. ती म्हणाली, “माझं बी गुडगंच. आन् वाईच दाढ.”

मग गुडघ्यांची रांगच लागली. साहेब हरखून गेले. “इतकी एकमुखी मागणी राज्यात कुठंच मिळाली नाही!” तिथल्या तिथं गुडघा उपसमिती ठरली. गुडघ्याचे पट्टे वाटायचे, गुडघा सप्ताह पाळायचा, अध्यक्ष चिमाजी. चिमाजींनी स्वतःच्या गुडघ्यावर थाप मारून अनुमोदन दिलं. टाळ्या पडल्या.

शेफालीताईंनी तेवढी टाळी वाजवली नाही. “त्या ताई राहिल्यात की. केव्हाच्या भिंतीला टेकून उभ्या आहेत.”

“ती व्हय? आमची सून हाय,” चिमाजी कौतुकानं मागं वळले. “सांग गं पोरी, गुडगा सांग. लाजू नगंस.”

बायका तोंडाला पदर लावून खुदखुदल्या. चहाचे कप वाजायला लागले होते. निघायच्या घाईत साहेबांचा एक हात बुटाच्या नाडीकडं गेला होता. आता सभा उठणार, शेफालीताई गाडीत बसणार, आणि आपल्याला पुन्हा तोच भारा नि तीच चिंधी, हे रतनबाईला दिसत होतं. ती भिंतीपासून सुटली. सतरंजीवरच्या बायकांमधून वाट काढत चालली ती मामंजींच्या खुर्चीच्याही पुढं गेली. त्यांच्याकडं पाठ करून उभी राहिलेली सून त्या घराण्यानं आजवर पाहिली नव्हती.

“गुडगं धड हायत माझं,” ती म्हणाली. “डॉक्टरीणबाई, माझी पिशवी भाईर येतीया. भारा उचलला की हातानं आत सारावी लागती.”