उत्तरपूजा बाकी

"अजून थोडा डावीकडे," शशिकांत म्हणाले. "नाही, तुमच्या डावीकडे."

विलेमने लाल मणी उजवीकडे सरकवला. मणी बंदुकीच्या नळीवरून घसरला, खिळ्यांच्या डब्यावर आपटला आणि लाकडाच्या भुशात नाहीसा झाला. दोघे दीड मीटर अंतर राखून भुशाकडे बघत राहिले.

दीड मीटर हा साथीतला सरकारी नियम होता. दुसरा नियम ऋजुताचा. "बाबा, बंदुकीला हात लावायचा नाही. लायसन्स त्यांचं आहे, तुमचं नाही. आमचं परमिट रिन्यू व्हायचंय." त्यामुळे बंदुकीचा नेम सुधारण्याचं काम शशिकांत लांब उभं राहून, हात पाठीमागे बांधून करत होते. त्यांचा जावई राघव वरच्या खोलीत बसून असंच काहीतरी करतो आणि त्याला पगार मिळतो, हे त्यांना मार्चपासून दिसत होतं.

शशिकांत फेब्रुवारीत लेकीकडे हॉलंडमध्ये आल्मेरेला सहा आठवड्यांसाठी आले होते. आता ऑक्टोबर उजाडला होता. आधी विमानं बंद झाली, मग सुरू होणार म्हणाले, मग काही सुरू झाली, पण ती कुणासाठी हे कळेना. आपण पाहुणे आहोत की राहतो आहोत, हेही त्यांना नक्की सांगता आलं नसतं. सकाळी ते मागच्या कालव्यावर शिळी पोळी घेऊन जात आणि बदकांना घालत. बदकांना आधी पोळी कळली नाही. नंतर इतकी कळली की पाव घेऊन येणाऱ्या डच मुलांकडे ती बघेनाशी झाली.

तिथेच विलेम भेटला. पलीकडच्या घरात राहणारा, सत्तरी ओलांडलेला, सहा फुटांवर आणखी थोडा. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, कुत्रा यंदा. ऋजुताने कुंपणावरून ओळख करून देताना "माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते" असं सांगितलं, आणि विलेमने दोन पावलं मागे सरून त्यांना चक्क सलाम केला. आठ महिन्यांत आल्मेरेत शशिकांतांना कुणी काही समजलं असेल तर ते तेवढंच.

कारखान्यात ते होतेच. कॅन्टीनमध्ये होते. कुपनं घ्यायची, उसळ संपली की फळ्यावर 'संपली' लिहायचं. तोफगोळा त्यांनी ट्रकच्या ताडपत्रीखाली पाहिला होता, तोही बहुधा गॅस सिलिंडर असावा. पण सलाम मिळाल्यावर लगेच "मी कॅन्टीनमध्ये होतो" म्हणणं बरं दिसलं नसतं. दुसऱ्या दिवशी म्हणू, असं त्यांनी ठरवलं. मग दुसरा दिवस सारखा पुढे जात राहिला. त्या वर्षी सगळ्यांचंच तसं चाललं होतं.

विलेमने भुशातून मणी शोधून काढला. तो जर्मनीहून मागवलेला होता. बंदुकीच्या पाठीवर सपाट पट्टी असेल तरच तो बसे. विलेमची बंदूक बापाच्या वेळची, एकनळी, लाटण्यासारखी गोल. नेम धरायला टोकाला मुगाएवढा पितळी मणी, तोही झिजून नळीच्या रंगाचा झालेला.

"तो मणी मला दिसतच नाही," विलेम म्हणाला. त्याचं इंग्रजी शशिकांतांच्या इंग्रजीइतकंच होतं, त्यामुळे दोघांना एकमेकांचं सगळं कळे. "डावा डोळा गेल्या वर्षी गेला. उजवा जातोय. पुढच्या शनिवारी हेन्क येणार."

हेन्क हा विलेमच्या शिकारी मंडळाचा म्होरक्या. शनिवारी तो विलेमला कालव्यापलीकडच्या शेतावर घेऊन जाणार आणि शेजारी उभा राहून बघणार. बदकं चुकली तर सगळ्यांसमोर खांद्यावर हात ठेवून म्हणणार, विलेम, आता पुरे. बंदूक जमा करायची.

"कुठली बदकं?" शशिकांतांनी विचारलं.

"हीच."

शशिकांत घरी आले ते फार गोंधळून. माणसाचा नेम लागावा की बदकं जगावीत, असा प्रश्न आपल्याला पडेल अशी त्यांना कल्पना नव्हती. पडलाच तर खडकीला पडायला हवा होता.

"बाबा, तुम्ही त्यांना स्पष्ट सांगा ना, मला यातलं कळत नाही," ऋजुता म्हणाली. ती एका कानाने मीटिंगमध्ये होती.

"तूच सांगितलंस ना कारखाना म्हणून."

"मी कारखाना म्हटलं. इंजिनिअर नाही म्हटलं." मग एकदम वेगळ्या आवाजात, "येस, आय अॅम हिअर."

रविवारी दसरा होता. यंदा नवमी आणि दसरा एकाच दिवशी आले होते. पंचांगालाही काही सुचत नसावं. ऋजुताने तिचा लॅपटॉप, राघवचा लॅपटॉप आणि सायकलच्या चाव्या पाटावर मांडल्या. शशिकांतांनी हळदीकुंकू वाहिलं आणि ते थबकले. कारखान्यातल्या आयुष्यात त्यांनी हत्यारांसाठी काही केलं असेल तर ते हेच. खंडेनवमीला कॅन्टीनकडे पूजेच्या सामानाची जबाबदारी असे. झेंडूची पोती, नारळ, कुंकवाचे पुडे. लेथपासून फोर्कलिफ्टपर्यंत प्रत्येक यंत्राला बोट लागे, आणि मोठे साहेबसुद्धा त्या दिवशी त्यांना "शशिकांत, इकडे राहिलं बघा" म्हणत.

त्यांनी पाटावरचा हळदीकुंकवाचा करंडा उचलला आणि विलेमचं दार वाजवलं.

"हे आमच्या कारखान्यात करत असू," ते म्हणाले. ते खोटं नव्हतं.

शेडमध्ये विलेमने रिकामी बंदूक उघडून टेबलावर ठेवली. शशिकांत दारात उभे. "आधी हळद. अनामिकेने. ते बोट नाही, त्याच्या शेजारचं. हां. दस्त्याला लावा. आता कुंकू." विलेमने दस्त्याला लावलं, नळीला लावलं, आणि शेवटी टोकाच्या मण्यावर बोट टेकवलं. बटाट्याच्या वाफ्याभोवती लावलेला झेंडू त्याने स्वतःच तोडून आणला. मग बंदूक मिटून, दाराबाहेरच्या आभाळाकडे तोंड करून त्याने खांद्याला लावली.

त्याने उजवा डोळा बारीक केला.

"दिसतंय," तो म्हणाला. "लाल. मिस्टर शशी, मला दिसतंय!"

शशिकांत घाबरले. इतकं होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. कालव्यावरून बदकांचा आवाज येत होता.

"आज चालवायची नाही," ते घाईने म्हणाले. "पूजेला बसवलेलं हत्यार चालवत नाहीत. ते विश्रांती घेतं."

"कधीपर्यंत?"

"उत्तरपूजा होईपर्यंत. म्हणजे मी येऊन सांगेपर्यंत."

विलेमने झेंडूसकट बंदूक लोखंडी कपाटात उभी केली आणि कुलूप लावलं. लहान मूल झोपल्यावर दार लावतात तसं.

रात्रभर शशिकांतांना वाटत राहिलं की आपण त्या माणसाला फसवलं. सोमवारी सकाळी पोळीसुद्धा न घेता ते पलीकडे गेले.

"विलेम, एक सांगायचं आहे. मी कॅन्टीनमध्ये होतो. बंदुकीतलं मला काही कळत नाही."

"माहीत आहे," विलेम म्हणाला. "राघव जूनमध्येच बोलला होता."

"मग मला कशाला बोलावलं?"

विलेमने खिडकीबाहेर पाहिलं. "माझ्या मुलाला विचारलं, डॉक्टरला विचारलं. सगळे म्हणाले, सोडून दे. तुम्ही विचारलंत, मणी कुठल्या बाजूला सरकवायचा."

शशिकांतांनी खिशातून अक्षतांची पुडी काढली. "बरं, मग उत्तरपूजा करून टाकू. दोन मिनिटांचं काम. अक्षता टाकायच्या, जरा हलवायचं. शनिवारसाठी मोकळी होईल."

"घाई नाही," विलेम म्हणाला.

"पण शनिवारी हेन्क..."

"घाई नाही, मिस्टर शशी."

शशिकांत त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. वर्षभर त्यांना फारसं काही कळलं नव्हतं. दीड मीटर, साथीचे रंगीत नकाशे, विमानं. हे मात्र कळलं. त्यांनी अक्षता परत खिशात ठेवून दिल्या.

शनिवारी हेन्क आला. हिरवं जाकीट, गाडीत दोन कुत्री. शशिकांत कुंपणाशी सायकल पुसत होते. ती सकाळपासून तिसऱ्यांदा पुसली जात होती. विलेमने कपाट उघडून दाखवलं. पिवळे ठिपके, लाल टोक, सुकायला लागलेली फुलं. डचमध्ये बरंच बोलणं झालं. मग विलेमने कुंपणाकडे बोट दाखवलं. हेन्कने वळून पाहिलं, आणि शशिकांतांनी आयुष्यात प्रथमच कारखान्याच्या साहेबासारखी मान हलवली. नाही. अजून नाही.

हेन्कने टोपीला हात लावला. खांद्यावर हात वगैरे काही ठेवला नाही. तो गेल्यावर विलेम कालव्यावर आला, आणि शशिकांतांनी अर्धी पोळी त्याच्यासाठी बाकाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली.

डिसेंबरात शशिकांतांना विमान मिळालं. फेब्रुवारीत एका दुपारी ऋजुताचा पुण्याला फोन आला.

"बाबा, विलेम भेटले होते. त्यांना आता फारसं दिसत नाही. बंदूक तशीच आहे कपाटात, फुलांसकट. येईल त्याला सांगतात, इंडियन इंजिनिअर आल्याशिवाय काढता येत नाही. हेन्क विचारतोय म्हणे, इंजिनिअर येणार कधी?"

शशिकांत गच्चीत उभे होते. लोहगावहून उठलेलं विमान आवाज करत अगदी डोक्यावर आलं. त्यांनी फोनवर हात दाबून धरला, विमान पार लहान होऊन दिसेनासं होईपर्यंत.

"हॅलो? बाबा?"

"हां, आहे," ते म्हणाले. "त्यांना सांग, उत्तरपूजेला मीच लागतो. आणि म्हणावं, इकडे अजून विमानं सुरू नाहीत."