नियम २१३ खालचं कारण

“टॅब की स्पेस, एवढं ठरवा आणि आम्हाला जेवायला सोडा,” वकील म्हणाला, आणि खोलीतले सगळे हसले.

चाळणीही हसला. जरा उशिरा. वकील टेबलाच्या नेमक्या कुठल्या बाजूला बसलाय हे शोधण्यात त्याचा एक क्षण गेला होता.

(वकील म्हणजे खरा वकील नव्हे. प्रोग्रामरच, पण ‘पाणी गरम आहे’ म्हटलं तरी पुरावा मागणारा. आणि चाळणी म्हणजे चोपन्न वर्षांचा, या प्रकल्पातला सगळ्यांत जुना माणूस. रुग्णवाहिका कुठून निघावी, कुठल्या रस्त्यानं जावी हे ठरवणारं सॉफ्टवेअर इथे नव्वद माणसं लिहितात. त्यातली एकही ओळ चाळणीनं वाचल्याशिवाय आत जात नाही. त्याला खडे सापडतात. म्हणून चाळणी.)

बैठक नियमावलीची होती. नव्वद जणांनी नव्वद तऱ्हांनी लिहिलं तर कुणाचं कुणाला वाचता येणार नाही, म्हणून दोनशे बारा नियम: नावं कशी द्यायची, ओळ किती लांब, कंस कुठे. एकच उरला होता. कोडमध्ये एका अटीच्या पोटात दुसरी अट आली की ती ओळ थोडी आत सरकवतात. ही मोकळी जागा टॅबनं सोडायची की चार स्पेसनं? टॅब असेल तर ज्याला त्याला आपल्या पडद्यावर ती हवी तेवढी रुंद किंवा अरुंद करता येते. स्पेस असतील तर सगळ्यांना सारख्याच. चार म्हणजे चार.

खोलीतल्या बाकी चौघांची मतं दोन-दोन पडली होती. पाचवं चाळणीचं.

“बोला चाळणीकाका,” नवी म्हणाली. तिला नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती, पण नाव नवीच राहिलं होतं.

“पाणी पिऊन येतो,” तो म्हणाला.

व्हरांड्यात तो भिंतीला बोटं लावून चालला. फोन आधीच थरथरत होता. बायको.

“सांगितलंत?”

“अजून नाही.”

“अहो, चोरी केलीये का तुम्ही?”

“चोरी केली असती तर निदान जामीन मिळाला असता.”

“विनोद पुरे. कडेचं आधी जाईल, मग मधलं, असं डॉक्टर म्हणाले ना? मधलं जायची वाट बघताय?”

कागदाची सुरळी डोळ्याला लावून बघावं तसं जग झालं होतं. सुरळी हळूहळू बारीक होत होती. मधल्या उरलेल्या गोलात अक्षरं काडेपेटीएवढी केली तरच ओळ लागायची, आणि तेवढ्या अक्षरांत पडद्यावर मावायचे चार-पाच शब्द. म्हणून त्यानं टॅबची रुंदी एका अक्षराएवढी करून ठेवली होती. पाठ भिंतीला, पडदा कुणाला दिसणार नाही असा. पावलं वाजली की अक्षरं पुन्हा बारीक. चोरच की.

आणि चार स्पेस आल्या की

जर सांगितलं
    तर तपासणी जाईल
        तपासणी गेली तर
            मी इथे कोण
                आणि घरी बसून

(पुढचं पडद्याच्या उजवीकडे. दिसत नाही.)

जर नाही सांगितलं
    तर एखाद दिवशी एक खडा
        एक गाडी चुकीच्या गल्लीत
            आत कुणीतरी

(दिसत नाही.)

“ऐकताय ना?” बायको म्हणाली.

“ठेवतो. आत थांबलेत.”

आत आला तेव्हा खुर्चीच्या पाठीवर हात आपटला. कुणी पाहिलं नाही, किंवा पाहून बोललं नाही. हल्ली या दोन्हींतला फरक त्याला कळेनासा झाला होता.

“माझं मत टॅबला,” तो म्हणाला.

“झालं!” नवीनं टाळी वाजवली.

“झालं काय? कारण?” वकील म्हणाला. “काका, तुमचीच पद्धत आहे.”

होती. पंधरा वर्षांपूर्वी कंस कुठल्या ओळीवर टाकायचा यावरून दोन गटांनी महिनाभर अबोला धरला, तेव्हा चाळणीनंच ही रीत पाडली होती: प्रत्येक नियमाखाली एका ओळीत त्याचं कारण, आणि ते उद्या आलेल्या माणसालाही पडताळता आलं पाहिजे. कारण नसेल तर नियम नाही. ‘बरं दिसतं’ हे कारण नाही. असे अकरा नियम त्यानं स्वतः खोडले होते.

“फाइल लहान होते,” तो म्हणाला.

“किती?”

“थोडी.”

“काका, हेच कारण मी तीन वर्षांपूर्वी दिलं होतं. तुम्ही म्हणालात, डिस्क काय सोन्याची आहे का.”

पुन्हा हशा. टेबलाच्या टोकाला बसलेल्या प्रमुख बाई मात्र हसल्या नाहीत. “सगळ्यांना भूक लागलीये,” त्या म्हणाल्या. “खरं काय ते लिहा आणि उठू.”

नियमावली नेहमी तोच लिहायचा, म्हणून त्याचा लॅपटॉप भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडलेला होता. त्यानं समोर पाहिलं. बारीक मुंग्या. २१३ कुठे आहे ते त्याला सापडेना. कीबोर्डच्या कळा न बघता दाबता आल्या असत्या. पण लिहिलेलं वाचून पाहिल्याशिवाय त्यानं आयुष्यात काही पुढे पाठवलं नव्हतं.

त्यानं अक्षरं मोठी केली. आणखी मोठी. भिंतभर तीनच शब्द उरले, दाराएवढे उंच.

“अहो काका, प्रोजेक्टर बिघडलाय वाटतं,” कुणीतरी म्हणालं.

चाळणी टाइप करत राहिला. शब्द एकेक करून भिंतीवर आले आणि डावीकडे सरकत गेले.

*कारण: तपासणाऱ्या एका माणसाला कडेचं दिसत नाही.*

“कोणाला?” वकील म्हणाला, आणि मग त्याची नजर भिंतीवरून चाळणीकडे वळली.



“आधी नाही का बोलायचं, काका?” वकिलाचा आवाज चिडका निघाला. “मी अर्धा तास उगाच घसा फोडला. घ्या, माझंही टॅबला.”

मतं मोजायची गरज राहिली नाही. नियम झाला. खुर्च्या मागे सरकल्या, आणि तेवढ्यात बाईंनी विचारलं, अगदी हळू, “किती दिवसांपासून?”

हाच प्रश्न. डोळ्यांबद्दल नव्हता तो. चाळणीनं ‘बरोबर’ म्हणून आत सोडलेल्या ओळी या क्षणी शहरभर गाड्या पळवत होत्या.

“डॉक्टरांकडे चौदा महिन्यांपूर्वी गेलो.”

“मग चौदा महिने धरू,” वकील घाईनं म्हणाला. “तेवढंच पुन्हा तपासू. आम्ही चौघं वाटून घेतो.”

चाळणीला नुसती मान डोलावता आली असती.

“मी उशिरा गेलो डॉक्टरांकडे,” तो म्हणाला. “त्याच्या आठ महिने आधी खाली गाडी लावताना खांबाला घासली होती. खांब नवा नव्हता.” त्यानं तारीख सांगितली. “तिथून धरा.”

नवीनं यादी काढली. “एक हजार सहाशे बारा बदल.”

“प्रत्येकावर माझं नाव असेल.”

“आहे.”

“सोमवारपासून तपासणीला दुसरं कुणी बसेल,” बाई म्हणाल्या. “तुमचं काय ते—”

“ते सोमवारी.”

सगळे जेवायला गेले. नवी गेली नाही. तिनं खुर्ची ओढली. “कुणाच्या पडद्यावर बघायचं?”

“तू बघ. मोठ्यानं वाच. ओळ आत सरकली की ‘आत’ म्हण, बाहेर आली की ‘बाहेर’.”

“एवढं सगळं?”

“एवढं सगळं.”

ती वाचू लागली. जवळची गाडी शोधा. आत. गाडी रिकामी असेल तर. आत. अंतर मोजा. बाहेर. चाळणीनं डोळे मिटले, बोटं टेबलावर ठेवली आणि तिच्या आवाजाबरोबर एकेक पायरी उतरत, चढत राहिला. पहिला बदल ठीक होता. दुसरा ठीक. तिसऱ्याला नवीला वाचता वाचता जांभई आली. चौथ्याच्या मध्यावर त्याचं बोट टेबलावर थबकलं.

“थांब,” तो म्हणाला. “आधीची ओळ परत वाच.”