दहीभाताचा डबा

उर्वीचं पोट बिघडलं, औषधं झाली, आणि डॉक्टर म्हणाले, "औषधाने वाईट जंतूंबरोबर चांगलेही गेलेत. रोज दही द्या, वस्ती हळूहळू परत भरेल." तिच्या आईने, मृणालीने ते मनावर घेतलं. पोरीच्या बालवाडीच्या डब्यातही दहीभात सुरू झाला. डबाही खास मागवलेला, गुलाबी, आतून नॅनो सिल्व्हरचा मुलामा असलेला. झाकणावर ठसठशीत लिहिलेलं, 'जंतूंना थारा नाही'.

एका सकाळी ते झाकण लावतालावता तिचा हात थबकला.

"आई, मी मूर्ख आहे का हो?"

सासूबाई मालनताई नारळ खवत होत्या. "सकाळी सकाळी कठीण प्रश्न घालू नकोस गो."

"जंतू पोटात जावेत म्हणून दही देत्येय, आणि ते भरत्येय जंतू मारणाऱ्या डब्यात! वर हे चांदीचे कण इतके बारीक, सुटून पोटात गेले तर?"

"चांदीच्या वाटीतनं मीच तिला उष्टावलं. तेव्हा काय झालं?"

"वाटी ती वाटी राहते. हे कण सुटतात म्हणे."

"म्हणे! कोण म्हणे?"

तिथेच तर घोडं अडलं होतं. मृणालीने सापडलं ते सगळं वाचलं. बरेच प्रयोग उंदरांवरचे. कुठे आतड्यातल्या जंतूंचा तोल बदलला, कुठे फारसा फरक नाही. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "माणसांचं अजून नक्की सांगता येत नाही. पोर खेळतेय ना?" खेळत होती. पण त्या 'नक्की सांगता येत नाही'ने मृणालीचं समाधान होईना.

शेवटी तिने कोमट दुधाला विरजण लावलं. अर्धं स्टीलच्या डब्यात ओतलं, अर्धं नव्या डब्यात. सकाळी पाहते तो दोन्हीकडे दही! नव्यातलं तर कवडीसारखं घट्ट.

"बघ," मालनताई म्हणाल्या, "जिवंत आहेत तुझे जंतू. उगाच जीव टांगलास."

मृणालीला हसू फुटलं, आणि लगेच विरलं. "म्हणजे हा डबा जंतू मारतच नाही?"

"मग घेतलास कशाला गो?"

ती पाटावर टेकली. मारत असेल तर नको, मारत नसेल तर कशाला हवा? आणि ते कण सुटतात की नाही, हे दह्याला थोडंच विचारता येणार होतं! तिने उठून स्टीलचा डबा भरला.

"माझा गुलाबी कुठाय?" उर्वीने भोकाड पसरलं.

"त्याला जंतू आवडत नाहीत, बाळा. तुझ्या पोटात तर ते राहायला हवेत."

रडं थांबलं. उर्वीने फ्रॉकवरून पोट चाचपलं. "आत आहेत? किती?"

"मोजता येणार नाहीत इतके."

"त्यांना पण दहीभात?"

"त्यांच्यासाठीच तर."

उर्वीने डब्यात डोकावून पाहिलं. "एवढ्यात कसं पुरेल, आई? अजून घाल की!"

मृणालीने पातेलं पुन्हा पुढे ओढलं.