दाढेची साक्ष

या, चर्चमधल्या या माझ्या बाकावर सरकून बसा. गाणं सुरू व्हायला अजून अवकाश आहे, तोवर एक गोष्ट सांगते. त्या समोरच्या चौथऱ्यावर उभं राहून उपदेश गाणाऱ्या माणसाची, आणि त्याच्या एका दाढेची.

एल्झी स्टिडम माझे मेहुणे, थोरल्या बहिणीचे, व्हर्नाचे यजमान. आठवडाभर कोळशाच्या खाणीत आणि रविवारी इथे. बोलता बोलता त्यांचा आवाज चढायचा, शब्दांना चाल लागायची आणि दर ओळीच्या शेवटी छातीतून ‘हंऽ’ असा श्वास निघायचा. त्या श्वासावर आम्ही सगळी मंडळी डुलायचो. केंटकीच्या या डोंगरांत गाणारे पाळक पुष्कळ झाले, पण माझ्या जिवाला असा गारवा दुसऱ्या कुणी दिला नाही.

दात मात्र आमच्या सगळ्यांसारखेच, तरुणपणीच गेलेले. खालच्या कवळीची तार मागच्या एका दाढेला अडकवलेली, तंबूची दोरी खुंटीला असावी तशी. एकदा ती तार सुटली होती आणि माशाच्या पोटात गेलेल्या योनाची बायबलातली कथा ऐन रंगात असताना कवळी उडून पुढच्या बाकावरच्या ओपलबाईंच्या ओटीत पडली. म्हातारीने ती रुमालाने पुसून परत दिली. “घ्या पाळकबुवा. माशानं योनाला ओकलं, तुम्ही दातांना.” त्या दिवशी आम्ही आमेन म्हणायचं सोडून हसत बसलो.

तर ती खुंटीच किडली. भाऊजींना रात्रंदिवस ठणका लागला, तेव्हा व्हर्ना त्यांना डोंगरापलीकडच्या गावात दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाई म्हणाल्या, दाढ काढली तर कवळी टिकणार नाही. ठेवायची तर रूट कॅनल करावं लागेल. भाऊजींना गायचं होतं. त्यांनी दाढ ठेवायला सांगितली. बाईंनी नस काढली, आत औषध घातलं, वर कच्चं सिमेंट लावलं आणि बजावलं, “हे दार नव्हे, नुसता पडदा आहे. आता दुखणार नाही, पण म्हणून यायचं टाळू नका. पुढच्या खेपेला मुळं पक्की भरून वर टोपी बसवायची आहे.”

त्या रविवारी भाऊजी असे गायले की काय सांगू! गाता गाता साक्ष द्यायला लागले. मी वेदनेत पडलो होतो, हंऽ, प्रभूनं हात लावला, हंऽ, आणि ठणका निघून गेला, हंऽ. त्यात लबाडी नव्हती. चाल चढली की ओळी आपोआप येतात, आणि त्या चालीत डॉक्टरीणबाई कुठे बसल्याच नाहीत. बायका रडल्या. मीही रडले. पुढच्या रविवारी शेजारच्या खोऱ्यांतली माणसं तीच साक्ष ऐकायला आली. आपल्या दुखण्यांवर त्यांच्याकडून हात ठेवून घेऊ लागली.

पक्कं भरायचा दिवस आला तेव्हा व्हर्नाने गाडीची किल्ली पुढे केली. ते उठले नाहीत.

“त्या दाराशी मला कुणी पाहिलं, तर देवानं काम अर्धवट सोडलं असं होईल, व्हर्ना.”

“मग दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे जाऊ.”

“देव त्या गावातही आहे.”

एकदा घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव जेवताना सिमेंटचा खडूसारखा तुकडा त्यांच्या ताटात पडला. दुखलं काहीच नाही. नस काढलेली दाढ ओरडणार कशी? त्यांनी तुकडा पावाच्या चुऱ्याबरोबर बाजूला सारला.

थंडी पडली तसा भाऊजींच्या गळ्याला मफलर आला. व्हर्नाने तो ओढून पाहिला, तर जबड्याखाली सूज, कातडी लाल आणि ताणलेली. दवाखान्याचं नाव काढलं की ते नकाराची मान हलवायचे. रविवारी चौथऱ्यावर उभे राहिले, पण तोंड बोटभरसुद्धा उघडेना. जीभ वर उचलली गेलेली, लाळ हनुवटीवर. मंडळींनी त्यांना खुर्चीत बसवलं, कपाळाला प्रार्थनेचं तेल लावलं, चहूबाजूंनी हात ठेवले आणि गाणं धरलं.

व्हर्ना त्या हातांमधून वाट काढत आत शिरली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

“यांची नस डॉक्टरीणबाईंनी काढली होती. बाईंना हात देवानंच दिले. यांनी काम पुरं होऊ दिलं नाही. आता सोडा, मला यांना गाडीत घालायचंय.”

गाणं थांबलं. सगळे भाऊजींकडे बघत राहिले. त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली, होय म्हणून, सगळ्यांना दिसेल अशी.

मी मागच्या सीटवर त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. डोंगराच्या वळणांवर त्यांचा श्वास ओळीच्या शेवटासारखा यायचा, हंऽ, मग थांबायचा, मग पुन्हा यायचा. इस्पितळाची पाटी दिसली तेव्हा मी पुढच्या श्वासाची वाट बघत होते. तो आला नाही. व्हर्ना गाडी हाकतच राहिली; तिला सांगायला माझं तोंड उघडेना.

पुढे इथलीच काही माणसं म्हणाली की व्हर्नाने मध्ये तोंड घातलं म्हणून प्रार्थना मोडली. तेव्हापासून ती दारापाशी बसते, एकटी. ती बघा.

आता गाणं सुरू होईल. भाऊजींची ती रंगलेली साक्ष तुम्हाला इथे कुणीही म्हणून दाखवील. पण आवाज नसताना, खुर्चीत बसून, मान हलवून त्यांनी जी दिली ती कुणी सांगत नाही. प्रार्थनेला डोकं वाकवाल तेव्हा ती आठवा. आणि व्हर्नाचं नाव घ्या.